रोजाबाईंचा नकार

माझी आणि रोजाबाईंची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला आणि मला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं. बोटाला नखुरडं झालं होतं, ठणका खांद्यापर्यंत चढला होता, आणि मी कोवळ्या दोडक्यांची टोपली दवाखान्याच्या पायरीवर ठेवून सरळ आत घुसलो होतो. टोपली त्यांनी ठेवून घेतली, मला मात्र बाहेर काढलं.

"मी टोपली आणली न जी!" मी म्हणालो.

"हो, छान आहेत दोडकी. बाळंतिणींना होतील. पण नंबर दोडक्यांचा लागला, तुमचा लागायचा आहे."

रांगेतली एक म्हातारी तंबाखू मळता मळता म्हणाली, "नामाभाऊ, हा काई भाजीचा लिलाव नोय. उभा राह्य गुमान." सगळी रांग हसली. डोक्यावर टोपली घेऊन पुलगावच्या बाजारात उभा राहिलेला पोरगा होतो मी. त्याच बाजारात पुढे अडत्या झालो. मला असं कुणी हसलेलं चालत नसे. पण बोट ठणकत होतं, म्हणून उभा राहिलो.

कागदावर त्यांचं नाव सिस्टर रोझलिन होतं. गावाने त्यांची रोजाबाई केली आणि त्यांनीही ते मान्य केलं. त्या वसईच्या. शिक्षण नर्सिंगचं, हात सुईणीचा. नाचणगावच्या पलीकडे आमचं गाव. गावाबाहेर मिशनचं कौलारू घर, मागे एक लांब खोली, तोच त्यांचा दवाखाना, आणि भोवती चिंचेच्या झाडांची बरीच जागा. तिथे त्या एका मदतनीस सिस्टरबरोबर राहायच्या. पांढरी साडी गुडघ्याजवळ खोचून सायकल हाणायच्या. एवढी वर्षं आमच्यात काढली तरी 'मले-तुले' त्यांच्या तोंडी कधी आलं नाही. "मी तुमची भाषा बोलले तर तुम्हाला वाटेल मी थट्टा करते," असं म्हणायच्या. भांडण मात्र आमच्यासारखंच करायच्या, कमरेवर हात ठेवून.

कुणी म्हणालं, "बाई, याची ऐपत नाई," की त्या डोळे वटारायच्या. "ऐपत हा काय अवयव आहे? कुठे असतो? दाखवा, तपासते."

निवडणूक आली की उमेदवार आमच्या गावात आधी मारुतीला आणि मग रोजाबाईंकडे जायचा. तिथे मतं होती. मिशनची नव्हे, तिथे बाळंत झालेल्या बायकांची. रोजाबाई चहा द्यायच्या आणि दोन प्रश्न विचारायच्या. पहिला, आजारी माणसाला ऐपत न विचारता उपचार मिळाला पाहिजे, गावोगाव, हे तुमच्या पक्षाला मान्य आहे का? दुसरा, पोटातलं मूल माणूस आहे की नाही? ज्याला पहिला सोपा जायचा तो दुसऱ्याला अडखळायचा. दुसऱ्याला मान डोलावणारा पहिल्या प्रश्नाला "बाई, सरकारच्या तिजोरीचं पाहावं लागते" म्हणायचा. एकदा एक बिचारा उमेदवार म्हणाला, "सिस्टर, दोनातला एक प्रश्न विचारा ना."

"एकच आहे," रोजाबाई म्हणाल्या. "मी तो दोनदा विचारते. ज्याला स्वतःचं बोलता येत नाही त्याच्या बाजूने तुम्ही उभे राहणार का, एवढंच."

आणीबाणीत नसबंदीच्या शिबिरासाठी साहेब लोक त्यांचा व्हरांडा मागायला आले, तेव्हा त्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. माणसांना धरून आणायचं असेल तर माझ्यावरून न्या, म्हणाल्या. त्या वेळी विरोधी पक्षवाल्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पुढे तेच सत्तेवर आले आणि रोजाबाई दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या दारात: गावात डॉक्टर कधी देता? कोणत्याही पक्षाला त्या पुरत्या परवडल्या नाहीत. मला मात्र ते आवडायचं. समोरच्याला घाम फोडणारा माणूस मला नेहमीच आवडतो, मी समोर नसेन तर.

नंतर मी पंचायत समितीवर निवडून आलो. एकच बोलून निवडून आलो होतो: गावात सरकारी दवाखाना आणीन, राहता डॉक्टर आणीन. तोवर अडलेली बाई बैलगाडीत घालून पुलगाव, तिथून जमलं तर वर्धा. वाटेतच कारभार आटोपलेल्या दोघी-तिघी माझ्याच भावकीतल्या होत्या. वर्ध्याला चकरा मारून मी आरोग्य खात्याच्या साहेबांना पिकवलं. त्यांची अट अशी की इमारत तयार पाहिजे; दुसऱ्या एका गावाने शाळेच्या खोल्या देऊ केल्या होत्या, त्यामुळे घाई होती. मला मिशनची लांब खोली दिसत होती.

रोजाबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. "खोली घ्या! सगळी घ्या! मी स्वयंपाकघरात झोपेन." मग त्यांनी विचारलं, "तिथे काय काय होणार?" मी यादी सांगत गेलो. बाळंतपणं, टोचणी, क्षयाचं औषध. शेवटी खालच्या आवाजात सांगितलं की पोट पाडायचीही सोय राहील. आता कायदाच आहे तसा.

"माझ्या छपराखाली नाही," त्या म्हणाल्या.

आता माझा धंदा समजून घ्या. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव होतो. समोरचा बोट झटकतो, मान फिरवतो, उठून जायला लागतो. ते सगळं बोलणंच असतं. पहिला 'नाई' म्हणजे 'बोला पुढं'. जो पहिल्या नाईवर उठून गेला तो उपाशी मेला. मी पुढे बोललो. म्हणालो, मधात भिंत घालू. म्हणालो, दार वेगळं ठेवू, रस्त्याकडून. म्हणालो, आठवड्यातून एकच दिवस; तुम्ही त्या दिवशी प्रार्थनेले जात जा, दिसणारच नाई.

"नामदेवभाऊ, मला दिसेल की नाही हा प्रश्नच नाही."

त्या हे हसून म्हणाल्या, आणि हसणारा माणूस भावात उतरतोच, हा माझा अनुभव. मी वर्ध्याला जाऊन सांगितलं, जागा पक्की.

शाळेच्या पटांगणावर मंडप पडला. साहेब आले, जिल्ह्याचे पुढारी आले, हार झाले. मी उठून सांगितलं की सिस्टर रोझलिन यांनी मोठ्या मनाने जागा दिली. टाळ्या पडल्या. रोजाबाई बायकांत बसल्या होत्या. त्या उठल्या.

"मी जागा दिलेली नाही," त्या म्हणाल्या. "दवाखाना मला या गावात सगळ्यांपेक्षा जास्त हवा आहे. पण जिथे मी मुलं हातात घेतली, तिथे ती मोडायला मी जागा देऊ शकत नाही. नामदेवभाऊंना हे मी सांगितलं होतं."

मागून कुणीतरी शिटी मारली. एक जण ओरडला, "नामाभाऊ, माल परत आला रे!" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. रोजाबाई आणखी काही बोलत होत्या, पण मी उभा राहून ओरडत होतो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मंजुरी त्या दुसऱ्या गावाला गेली. रस्त्याने जाताना तिथली नवी पाटी दिसली की मी तोंड फिरवायचो.

बोलणं बंद झालं. माझी बायको वत्सला मात्र जात राहिली. "तुमचं भांडण हाये, माह्या गुडघ्याचं नाई," म्हणायची.

मग त्या विधवेची गोष्ट झाली. नाव सांगत नाही. तिचं सगळं गणगोत अजून याच भागात आहे. तिला दिवस गेले होते. ती कुठल्याशा गावातल्या बाईकडे जाऊन आली आणि तिसऱ्या प्रहरी शेताच्या बांधावर पडलेली सापडली. लुगडं रक्ताने भिजलेलं. लोकांनी तिला रोजाबाईंकडे नेलं, आणि रोजाबाई स्वतः सायकल हाणत माझ्या दारात आल्या. गावात गाडी माझीच होती, नुकताच घेतलेला भाजी वाहायचा टेम्पो.

"गाडी काढा," एवढंच म्हणाल्या. मी काढली.

मागे कोबीच्या रिकाम्या पोत्यांवर ती बाई, तिचं डोकं मांडीवर घेतलेल्या रोजाबाई, आणि पाय धरून बसलेली वत्सला. मी गाडी पळवत होतो आणि मागच्या फटीतून ओरडत होतो. "तुम्ही हो म्हटलं असतं त हे झालंच नसतं! आपल्या गावात डॉक्टर राह्यला असता. चांगल्या हातानं झालं असतं. हे तुमच्या नाईचं रगत आहे, बाई!"

गाडीचा आवाज मोठा होता. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"असेल," त्या म्हणाल्या. "असू शकतं."

"मंग?"

"मग काही नाही. खड्डे चुकवून चालवा."

मी आणखी चिडलो. "ते लेकरू तिले नको होतं!"

"तिला लेकरू नको होतं की तुमच्या गावाची तोंडं नको होती? तिने लुगड्याखाली पोट लपवलं, ते लेकराला भिऊन?"

"गावाची तोंडं बंद करनं माह्या हातात नाई."

"मग माझ्या हातात तरी काय आहे? हे डोकं आहे, ते धरलंय."

तेवढ्यात वत्सला कडाडली, "तुम्ही दोघं भांडून राह्यले. हिले कोनी इचारलं का काऊन केलं म्हणून? पुढं पाहून चालवा तुम्ही!"

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात खिडकीतला माणूस नवऱ्याचं नाव विचारत बसला. रोजाबाई खिडकीतून हात घालून म्हणाल्या, "माझं लिहा. नवऱ्याच्या जागी माझं नाव लिहा आणि रक्त चढवा." तो गोंधळला आणि त्याने दार उघडलं. ती बाई वाचली. परतल्यावर गावाने तिला विहिरीवर उभं केलं नाही, तेव्हा रोजाबाईंनी तिला मिशनच्या स्वयंपाकाला ठेवलं, आणि प्रसादासारखी तिच्या हातची भाकर मोठ्या मोठ्या उमेदवारांना खाऊ घातली. त्यांनी तिला कधी एका शब्दाने टोचलं नाही. त्यांचं मतही एका शब्दाने बदललं नाही. या दोन गोष्टी एका बाईत कशा मावतात, हे मला आजही उमगत नाही. रात्री कुशीवर वळलो की डोकं पुन्हा तोच हिशेब मांडतं आणि पुन्हा चुकतं.

पुढे त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि मिशनने त्यांना वसईला परत बोलावलं. पुलगाव स्टेशनवर निम्मा गाव जमला होता. मी जाणार नव्हतो. वत्सला म्हणाली, "नोका जाऊ. मी सांगतो त्यायले, तुम्हाले लाज वाटते म्हणून." मग गेलो.

रोजाबाई बाकावर बसल्या होत्या, ओठ निळसर. मी सरळ मुद्द्यावर आलो. गावच्या गायरानावर सरकारी दवाखाना मंजूर झाला होता; मीच भांडून आणला होता. "तिथं तेही होईल," मी म्हणालो. त्यांना दुखावं म्हणूनच म्हणालो.

"होईल, ठाऊक आहे मला. मी त्याच्या विरुद्ध बोलत राहीन, तिकडून." मग म्हणाल्या, "गायरान मी तेव्हाच सुचवलं होतं. मंडपात. सरकारने आपल्या जागेवर दवाखाना बांधावा, मी बाळंतपणांना येईन, असं म्हणत होते."

"मले नाई ऐकू आलं."

"तुम्ही ओरडत होता ना."

मी म्हणालो, नंतर येऊन सांगायचं होतं, घर का दूर होतं माझं? ही माझी तक्रार अजून उभी आहे. दवाखान्यावाचून मधली सगळी वर्षं गेली, आणि ज्या माणसाला गावाची एवढी काळजी त्याने एका मंडपातल्या गोंगाटावर गोष्ट सोडून द्यावी? मी हे त्यांना तोंडावर म्हणालो.

"यायला हवं होतं," म्हणाल्या. "मलाही राग येतो, नामदेवभाऊ. कुणी बघत नाही एवढंच." मग गाडी दिसली आणि त्यांनी माझा दंड धरून उठायला आधार घेतला. "डॉक्टर तिथे राहणार ना? राहणार की नुसता येणार-जाणार?"

"राह्यणार."

"तेवढं सोडू नका."

इमारत झाली, क्वार्टर झालं, पण डॉक्टर पुलगावात घर घेऊन राहिला. दुपारी यायचा, उन्हं कलली की निघायचा. मी वर्ध्याला चकरा सुरू केल्या. त्या कचेरीतले शिपाई मला पाहून पंखा बंद करायचे, म्हणजे मी लवकर उठावं. मी उठत नसे. अखेर दुसरा डॉक्टर नेमला. तो बायको, पोरगी आणि लोखंडी पलंग घेऊन क्वार्टरात उतरला, आणि त्याच रात्री गावातली एक अडलेली बाई तिथेच सुखरूप मोकळी झाली.

सकाळी मी मिशनमध्ये गेलो. म्हटलं, वसईला कळवायला सांगावं. तिकडे बाईंनाही जरा जळू द्या. मदतनीस सिस्टर चिंचेखाली उभी होती. तिने सांगितलं, रोजाबाई गेल्या. तार काल आली होती; ती माझ्या दारी येऊन गेली तेव्हा मी वर्ध्याला होतो, वत्सलाही घरी नव्हती.

मी विचारलं, कधी. ती सांगायला लागली, पण मी तोवर तिच्यावर ओरडायला लागलो होतो, की मले काऊन नाई सांगितलं, गावात नव्हतो त काय झालं, वर्ध्याला माणूस नाई धाडता येत? ती बिचारी ऐकत राहिली. आतून ती स्वयंपाकवाली बाई बाहेर आली, तिने माझ्यासमोर खुर्ची ठेवली आणि पाण्याचा तांब्या दिला. मी बसलो नाही.