उंदरांना पाजलेला काढा

माझा विश्वास कंट्रोल ग्रुपवर आहे. यवतमाळजवळच्या एका फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे बाकी कशावर विश्वास ठेवायची वेळ कधी आली नव्हती... गेल्या पावसाळ्यापर्यंत.

माझी एम.फार्म.ची विद्यार्थिनी वैशाली आर्णीकडच्या खेड्यातली. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, मुळांचा काढा उंदरांना देऊन त्यांच्या रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासायचं, हा विषय तिनंच निवडलेला. तिच्या बाबांच्या किडन्या अधू, पायांवर सूज. लघवी वाढून सूज उतरावी म्हणून ते हाच काढा प्यायचे. डॉक्टरांनी तो बंद केला — त्यानं रक्तातलं पोटॅशियम वाढतं, आणि फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. बाबांना पटेना.

"उंदराचे आकडे दाखवले तं मानतीन," वैशाली म्हणाली. "मायं तं आयकतच नाईत."

घरात उरलेली मुळं तिनं उचलून प्रयोगाला आणली. वाया कशाला घालवायची? मीही मान हलवली.

उंदरांवर परिणाम शून्य. साधी लघवीसुद्धा वाढली नाही. काढा पिणारे आणि नुसतं पाणी पिणारे, सगळ्यांचे आकडे सारखेच. मशीन तपासलं, काढा दाट केला — तेच.

इकडे बाबांची सूज उतरू लागली आणि पोटॅशियम चढू लागलं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा चोरून काढा पितो. मी भेटायला गेलो तेव्हा बापलेकीची तीच वादावादी चालली होती.

"काहून खोटं बोलता, बाबा?"

"घरात एक मूळ नाई ठेवलं तुनं, पिऊ काय? तुये उंदरं पिऊन राह्यले मजेत."

मग आमच्या नव्या प्राणीगृहाचं उद्घाटन आलं. पाहुण्यांसमोर उंदीर प्रसन्न दिसले पाहिजेत, म्हणून प्राचार्यांनी काढा थांबवला आणि पिंजऱ्यांना झेंडूचे हार घातले. पाहुणे पूर्वजांच्या विज्ञानावर बराच वेळ बोलले. तेवढ्यात एका उंदरानं हार खाल्ला. कार्यक्रमातला तेवढाच भाग मला पटला.

त्या दिवसांत बाबांचं पोटॅशियम उतरलं. सूज परत आली. आम्ही काढा पुन्हा सुरू केला आणि पोटॅशियम असं चढलं, की त्यांना यवतमाळला भरती करावं लागलं. ईसीजी बिघडलेला.

दुसऱ्या दिवशी वैशाली लॅबमध्ये आली आणि स्टुलावर बसून राहिली.

"सर, सांगू का? हासू नोका. ते मूळ बाबाच्या नावानं आणेल आहे."

त्यांच्याकडे रीत अशी — आदल्या संध्याकाळी झाडापाशी हळद-कुंकू, तांदूळ ठेवून आवतन द्यायचं, की अमक्यासाठी उद्या न्यायला येतो. मग ते मूळ त्याचंच औषध. दुसऱ्या कोणाला लागू होत नाही.

"म्हणजे उंदीर पितात, आणि तिकडे..."

"मी काईच म्हणून नाई राह्यली, सर."

मी हसलो नाही. काढा बंद केला. प्राचार्यांना सांगितलं, मुळांना बुरशी लागली. बाबा सावरले, घरी आले. अर्थात दवाखान्यात औषधं चालूच होती, आणि अधू किडनीचे आकडे वरखाली होतातच, हे मी स्वतःला रोज सांगतो.

पुढे व्यापाऱ्याकडून मुळं मागवली, कोणाच्याच नावाची नसलेली. त्यांच्या काढ्यानं उंदरांचं पोटॅशियम अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं वाढलं.

योगायोग असेल. तपासायचा मार्ग सरळ आहे: जुनी मुळं बरणीत शिल्लक आहेत, ती उंदरांना पुन्हा द्यायची. मी वैशालीला तसं म्हटलंही. ती पिंजरा धूत होती, तिनं वर पाहिलं नाही.

"द्या ना, सर. पण त्या दिवशी तुम्ही बाबाजवळ बसजा."

बरणीला मी अजून हात लावलेला नाही.