काढ्याच्या काठीवरची खूण

सिस्टरनी सुमनची पिशवी व्हरांड्यातल्या बाकावर उलटी केली. आतून डबा आणि नवऱ्याचा टॉवेल, एवढंच निघालं.

“काल संध्याकाळी भेटून गेलीस. गोळी तूच दिलीस ना?”

“नाय वो सिस्टर. शपथ घेते.”

“मग सकाळचे नऊ वाजले तरी तुझा नवरा उठत का नाही? बीपी खाली गेलंय. बाहेरची गोळी घेतली की बेड रिकामा, नियम माहीत आहे ना? डॉक्टर आले की याला घरी ने.”

सुमन मान खाली घालून उभी राहिली. मी काढ्याच्या खोलीच्या दारात फडकं धरून उभी होते.

महाडच्या एका लहान व्यसनमुक्ती केंद्रात मी काढे करते. नाते गावाहून एसटीने येते. शिक्षण चौथी, पण डॉक्टरांची काढ्याची चिठ्ठी मला वाचता येते. चार माणसांत बोलायला मात्र जमत नाही.

सुमनचा नवरा रघुनाथ हिरकणीवाडीचा. गडावर येणाऱ्या पर्यटकांची डोली खांद्यावरून वाहायचा. गुडघे दुखायचे म्हणून अफूच्या जातीची दुखण्याची गोळी घ्यायला लागला. एकीच्या चार झाल्या, चारांच्या आठ. अशी गोळी सोडली की अंग तुटतं, नाक गळतं, जुलाब होतात, झोप उडते. त्यावर डॉक्टरांची मुख्य औषधं वेगळी असतात. काढा फक्त झोपेला आणि मळमळीला आधार. त्यात तगर, अश्वगंधा, सुंठ अशी भरड असते.

प्रत्येक पेशंटचं पातेलं वेगळं. माझ्याकडे बांबूची काठी आहे, तिच्यावर दोन खुणा. वरच्या खुणेपर्यंत पाणी घालायचं, खालच्या खुणेपर्यंत आटवायचं. त्याचे दोन पेले होतात, एक संध्याकाळचा, एक सकाळचा.

आदल्या संध्याकाळी रघुनाथ खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. “ताई, सुमनला सांगा, मला घरी ने. हे सोसवत नाय.” घरी गेला की तो पुन्हा गोळीच घेणार, हे मला ठाऊक होतं. मी खोलीत आले आणि काढा खालच्या खुणेच्याही खाली आटवला. दोन पेल्यांचा एक झाला. तो सगळा त्याला पाजला. आमच्याकडे दमून आलेल्या माणसाला एक भाकरी जास्तच वाढतात. मला वाटलं, तसंच आहे.

दहाला डॉक्टर पोलादपूरहून आले. सिस्टर सांगू लागल्या. काम जाईल असं वाटलं. पण सुमन तिथेच उभी होती, पिशवी छातीशी धरून.

“डॉक्टर, गोळी नाय. मी केलं.”

सिस्टर वळल्या. “काय केलंत?”

मी पातेलं आणि काठी आणून समोर ठेवली. काढ्याची रेघ पातेल्यात सुकली होती. काठी उभी धरली तर ती रेघ खालच्या खुणेच्याही बरीच खाली. “दोन वेळचा एकदम दिला,” एवढंच मला बोलता आलं.

डॉक्टर आत गेले. रघुनाथच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. “गोळी घेतली असती तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली असती. ही मोठी आहे. सिस्टर, सलाईन लावा, दर अर्ध्या तासाला बीपी बघा. आज काढा बंद.”

मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पाहुणचार करता काय इथे? याला काही झालं असतं म्हणजे? पुन्हा असं करू नका. पण सांगितलंत हे बरं केलंत. नाहीतर मी आज याला घरी पाठवला असता.”

दुपारी रघुनाथ उठला आणि पेज मागितली. सिस्टरनी सुमनला स्वतः चहा आणून दिला. “चुकले गो,” म्हणाल्या. सुमन मला रागवेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “हे कितीक दिस झोपले नव्हते, बाय. पर पुन्यांदा नको हां.”

तो पूर्ण मुदत राहिला. आता डोली सोडली आहे, पायथ्याशी सुमनच्या सरबताच्या टपरीवर बसतो. तपासणीला आला की विचारतो, “ताई, काठी जाग्यावर हाय ना?” मला हसू येतं. डॉक्टरांनी मला ठेवलं, सुमनने माफ केलं, याबद्दल आभार मला तोंडाने मानता आले नाहीत, म्हणून इथे लिहिते.

भाकरी वाढताना आग्रह करावा. काढ्याला खूण असते.