फ्रीजला वळसा

पन्नाशी उलटल्यावर मला कराटेच्या हिरव्या पट्ट्याची हाव सुटली. माझ्या वयाच्या बायका पेटी शिकतात, नाहीतर गुडघ्यांबद्दल बोलतात. मी एकदा परीक्षा देऊन नापासही झाले होते. तेव्हा नवरा प्रेमानं म्हणाला, "जाऊ दे ना, या वयात कशाला?" प्रेमानं म्हटलेलं मला जास्त लागतं. पट्टा आता हवाच होता.

आमच्या सरांचा नियम असा की एकच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, तीन तऱ्हांनी घोटायची. आधी रिकाम्या हातांनी, मग काठी घेऊन, मग क्लासमधल्या लाकडी पुतळ्यावर. बोरीवलीतलं आमचं घर ते केवढं. सरळ चार पावलं जायचं, तर दुसऱ्यालाच फ्रीज. म्हणून मी त्याला वळसा घालून उरलेली दोन स्वयंपाकघरात टाकायचे. काठी कपडे वाळत घालायचीच घेतली. ती पंख्याला लागू नये म्हणून वळताना वाकायचे. पुतळा कुठून आणणार? लोखंडी कपाटाला गोधडी बांधली.

सासूबाई दिवाणावर मटार सोलत देखरेख करायच्या. "फ्रीज आला." "पंखा बघ." एकदा कपाटाचा दणदणाट ऐकून शेजारीण दारात आली. "काकू, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे गं. ती कपाटाला मारतेय, मला नाही."

परीक्षा कांदिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. पहिली फेरी रिकाम्या हातांची. मी दोन पावलं झोकात टाकली, भल्यामोठ्या रिकाम्या हॉलमध्ये कशालातरी अदबीनं वळसा घातला आणि वळताना खाली वाकले. मागे पोरं खिदळली. परीक्षकांनी हात वर करून थांबवलं.

"ताई, हे काय?"

मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, तिथं आमचा फ्रीज आहे. आणि वर पंखा."

परीक्षकांनी मिशीवरून हात फिरवला. "इथं नाहीये. पुन्हा करा."

पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या पावलाला पाय आपोआप थबकला. समोर नुसती फरशी, तरी पुढे जाववेना. वाट लागली, असं मनात म्हटलं. आपल्याच पायांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या. सूचना देतानाचा आवाज नव्हता तो. "मोकळं आहे."

गेले. तिसरं, चौथं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून इतकं सरळ मी चाललेच नव्हते बहुतेक, आणि ते फार बरं वाटलं. काठीच्या आणि पुतळ्याच्या फेरीतही एकदासुद्धा वाकले नाही. काता संपताना जोरात ओरडायचं असतं. सरळ चालण्याच्या नादात मी ते विसरलेच, त्याचे गुण कापले. पट्टा मिळाला. तो माझ्याआधी सासूबाईंनी घेतला आणि कापड बरं आहे का, ते चिमटीत धरून बघितलं.