बुवांनी मला फळीवर उभं केलं

जेवण झालंय, डोक्यावर पंखा फिरतोय आणि मी आरामखुर्चीत डोळे मिटते. मिटले तरी समोर तेच: पांढरा उतार, त्यावर रोवलेली लाल-निळी निशाणं आणि घसरत येणारी ती टोपीवाली बाहुली.

तुम्हाला सांगते, माझं डाव्या मांडीचं हाड मोडल्याला सात महिने झाले. हाड जुळलं, भीती काही हलेना. म्हणून आमच्या सूनबाईंनी, मृण्मयीनं, हा व्यायामाचा खेळ आणला. टीव्हीसमोर पांढरी फळी ठेवून तिच्यावर उभं राहायचं. आपण जिकडे झुकू तिकडे बाहुली वळते. तिला निशाणांच्या मधून खाली न्यायचं. सकाळी माझी बाहुली पंधरांपैकी अकरा निशाणांवर आपटली.

"आई, तुम्ही फळीला वाकून नमस्कार करता ना, खेळाला वाटतं तुम्ही पुढे झुकलात!" मृण्मयी हसत होती.

आता जिच्यावर पाय द्यायचा तिला नमस्कार नको?

हसण्यावारी नेलं खरं. पण गुरुवारी आठल्येबुवांना जाऊन वर्ष होईल, आणि देवळात त्यांच्या जागी कीर्तनाला मी उभी राहणार आहे. बावीस वर्षं त्यांच्या मागे झांजा वाजवल्या, पुढे ही पहिलीच वेळ. नारदाची गादी म्हणायची, पण तिथे बसायची सोय नाही. दीड तास उभंच राहायचं. मी हो म्हणून बसले आहे.

पंख्याचा आवाज पातळ होतो. फळीखाली बर्फ आहे आणि गार मुळीच लागत नाही. पहिल्या निशाणापाशी बुवा उभे. लाल फेटा, उपरणं, अनवाणी.

"शरयू, किती वेळ? पूर्वरंग संपत आला की!"

"बुवा, थंडी नाही वाजत?"

"मेल्यावर कसली थंडी? ये खाली."

मी निघते. खेळातलं संगीत सुरू होतं, सरळ चार मात्रांचं, आणि समेवर माझं अंग आपसूक डावीकडे, मग उजवीकडे. धाड! निशाण. पुन्हा धाड!

बुवा पोट धरून हसतात. "अगं, डोलतेस काय?"

"वाजतंय तर डोलणारच! तुमच्याच कीर्तनात लागलेली सवय."

"डोलायचं ऐकणाऱ्यांनी. उभं राहणाऱ्यानं ताल टाचेत ठेवायचा."

उतार सपाट होत जातो. बर्फावर सतरंजी आहे, सतरंजीवर माणसं, भिंतीपर्यंत. आमच्याच देवळाचा सभामंडप. पेटीवाला सूर धरून थांबलाय. बुवांची जागा मोकळी, आणि मी फळीसकट तिच्या अर्धं पाऊल मागे.

"पुढे हो," बुवा म्हणतात.

"तुमची टाच दिसल्याशिवाय मला लय सापडत नाही. बावीस वर्षं तिच्याकडे बघूनच वाजवलं."

"माझी टाच गेली लाकडांबरोबर. तुला दोन आहेत."

"त्यातला एक पाय मोडका."

"मोडली मांडी. टाचेला काय झालंय? सगळं ओझं उजव्यावर घेतेस आणि म्हणे बाहुली पडते!"

ते वाकतात. माझ्या पायाशी!

"बुवा, नका! पाप लागेल मला."

"गप्प उभी राहा."

मध्यंतरात कपाळाला लावायच्या बुक्क्यात ते अंगठा बुडवतात आणि माझ्या डाव्या टाचेवर मागून घट्ट दाबतात. "इथं उभी राहा. वरचं सगळं आपोआप सरळ होतं."

मी भार टाकते. फळी हलत नाही. तोंडातून अजून अक्षर निघालेलं नाही, तरी पहिली रांग डोलू लागते. तिच्यात मांडी घालून बुवाही बसलेत, डोळे मिटून.

"आई, चहा!"

पंखा फिरतोय. मी डावा पाय तिरका करून बघते. टाचेच्या मागच्या अंगाला अंगठ्याएवढा काळा ठसा. बोट लावून हुंगते. बुक्काच. आमच्या देव्हाऱ्यातला बुक्का तर महिन्यापूर्वीच संपलाय. कुठून आला, हे मी कुणाला विचारायला जात नाही.

त्या टाचेवर सगळा भार देऊन उठते.

मृण्मयीच्या एका हातात चहा, दुसऱ्यात माझी काठी. ती सवयीनं काठी पुढे करते. मी कप घेते.