अर्धं जावळ आणि तंटामुक्तीचे आबा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबायला नको. कारण हा घोळ दुसऱ्या कुणाचा नाही, माझा स्वतःचा आहे.

मला काळजी करायची सवयच आहे. कान्हा झाल्यापासून तर विचारू नका! तो रडला तर का रडतोय, आणि नाही रडला तर का रडत नाही? सासूबाई म्हणतात, "हिला काळजी नसली तर हिला करमत न्हाई."

तर कान्हाचं जावळ ठरलं. सोनईजवळ आमचं गाव. आमच्याकडे जावळ देवळापुढच्या ओट्यावर होतं. बाळ मामाच्या मांडीवर, न्हाव्याच्या हातात वस्तरा, आणि केस खाली न सांडता झेलायला आत्या. सगळे केस उतरेपर्यंत मामानं उठायचं नाही आणि जावळ अर्धं सोडायचं नाही. अर्धं राहिलं तर लेकराला चांगलं नसतं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण आईचं काळीज ते. ऐकलं की धरूनच बसतं.

मामा म्हणजे माझा दादा, कोपरगावचा. त्याचं आणि आमच्या ह्यांचं तसं छान जमतं. पण जावळाच्या आधी एके दिवशी मी अंगणात कान्हाचे कपडे वाळत घालत होते आणि हे फोनवर दादाशी बोलत होते. काय बोलत होते, ऐका:

"विकासराव, मी हे ऐकून घ्यायचा न्हाई!... आवो, जबडा फोडला त्यानं, जबडा! रक्त काढलं!... बरं, तुमी जावळाला या. समोरासमोर बसून एकदाचा निकालच लावू!"

जबडा! रक्त! निकाल! माझ्या हातातलं झबलं खाली मातीत पडलं.

मी विचारलं, "काय झालं ओ?"

"काही न्हाई. आमचं दोघांचं हाय. तुला न्हाई कळायचं."

आता तुम्हीच सांगा, नवरा असं म्हणाला तर कुठल्या बाईच्या घशाखाली घास उतरेल? मी गुपचूप दादाला फोन लावला. तर तो हसून म्हणतो कसा, "दाजींना सांग, मी पण तयारीनं येतोय."

तयारीनं! म्हणजे काय काठ्या घेऊन? माझ्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. देवळापुढे मारामारी, दादा रागानं उठून चाललाय, आणि माझा कान्हा अर्ध्या डोक्यानं ओट्यावर पडलाय!

सासऱ्यांना सांगावं तर ते चिडतील. आईला सांगावं तर ती रडेल. मग मला एकदम आबा आठवले. आबा आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावातली भांडणं कोर्टात न जाता गावातच मिटवायची, हे त्यांचं काम. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावांना त्यांनी एका ताटात जेवायला बसवलंय. मी कान्हाला कडेवर घेतलं आणि गेले त्यांच्या दारात.

"आबा, आमच्या जावळाला या. आन जमलं तर आमचे हे आणि दादा, दोघांच्या मधी बसा."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "घाबरू नको सूनबाई. माझ्याम्होरं कुनाचा आवाज चढत न्हाई."

आला जावळाचा दिवस. दादा आला. हातात काठी नव्हती, नुसता मोबाईल होता. मला थोडं बरं वाटलं. कान्हा त्याच्या मांडीवर बसला. बाळूभाऊ न्हाव्यानं वस्तरा लावला. शेजारी हे, आणि बरोब्बर मध्ये आबा, पांढराशुभ्र फेटा बांधून. उजव्या बाजूचे केस उतरले. सगळं कसं शांत!

तेवढ्यात हे म्हणाले, "मग विकासराव, बोला आता."

मी आबांना डोळ्यांनी खूण केली. आबांनी घसा खाकरला. "थांबा. काय वाद हाय तो माझ्याम्होरं मांडा. इथंच मिटवू."

हे गोंधळले. "वाद? आवो आबा, तो अमेरिकेचा बॉक्सर न्हाई का, सगळ्या जगात एक नंबर? त्याला सगळ्यात जड कोन गेला? मी म्हनतो, जबडा फोडनारा तो लांब हाताचा. विकासराव म्हनतात, तो बुटका."

"तयारीनंच आलोय," दादानं मोबाईल पुढे केला. "जुन्या लढती आहेत ह्यात. बघा."

बॉक्सर! मला वाटलं, ओट्याच्या फरशीनं मला पोटात घ्यावं. आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पदराचं टोक बघत बसले.

इथंच संपलं असतं ओ! आबांनी चहा घेतला असता आणि गेले असते. पण आबा पडले तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. म्हणाले, "यात वाद कसला? लांब हाताचाच. बुटक्यात काय दम हुता?"

आणि वस्तरा थांबला.

"आबा, काय बी काय बोलता?" बाळूभाऊ म्हणाला. त्याच्या दुकानात दिवसभर टीव्ही चालू असतो. "बुटका कितीबी मार खायचा आन पुढंच यायचा. त्याच्या लढती दुकानात कितींदा लावल्यात मी."

"बाळू, तू तुझं काम कर."

"करतोय की. पर डोळ्यांनी बघितलंय ते खोटं कसं म्हनू?"

"माझ्याम्होरं आवाज चढवतो?"

"तुमीच चढवताय!"

आणि बाळूभाऊनं वस्तरा मिटला, पेटीत ठेवला आणि गेला की पिंपळाखाली जाऊन बसला! माझा कान्हा अर्धा टकला, अर्धा केसाळ, मामाच्या मांडीवर टाळ्या वाजवतोय. ज्या दोघांचं भांडण होईल म्हणून मी मरत होते, ते दोघं गपचिप एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले!

मी पळत पिंपळाखाली गेले. "बाळूभाऊ, तुमचंच बरोबर. बुटकाच!" मग पळत ओट्यावर आले. "आबा, तुमचंच बरोबर. लांब हाताचाच!"

पिंपळ आणि ओटा यांत अंतर ते किती? दोघांनी दोन्ही ऐकलं. दोघंही माझ्याकडे बघून म्हणाले, "नक्की कोन?"

"अवो, मी सातवी शिकलेली बाई! मला तो बॉक्सरच माहीत नाही. त्यालाच फोन करून विचारा ना!"

"तो वारलाय," हे म्हणाले.

म्हणजे बघा, एका वारलेल्या अमेरिकन माणसापायी माझ्या लेकराचं जावळ अडलेलं! मला रडूच फुटलं.

ते बघून बाळूभाऊ उठला. म्हणाला, "वैनी, रडू नका. येतो मी. पर एक अट हाय. आबांनी जरा तिकडं बसायचं."

झालं! तंटा मिटवायला बोलावलेल्या माणसाला सभामंडपात नेऊन बसवलं, तेव्हा कुठं तंटा मिटला आणि कान्हाच्या डाव्या बाजूचे केस उतरले.

जेवायला आबा आणि बाळूभाऊ शेजारी शेजारीच बसले. लापशी मागून मागून खाल्ली. उठताना आबांनी कान्हाच्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "सूनबाई, गावातली समदी भांडनं मी मिटवली. पर माझंच भांडन लावून देनारी तूच पहिली!"

ह्यांचा आणि दादाचा निकाल अजून लागलेला नाही. फोन चालूच असतात. पण त्या बॉक्सरला सगळ्यात जड कोण गेलं ते राहू द्या, आमच्या आबांना कोण जड गेलं, ते मात्र साऱ्या गावाला ठाऊक आहे. मी किराणा आणायला निघाले की पारावरची माणसं मुद्दाम सरकून बसतात आणि म्हणतात, "आबा, सभामंडपात जाऊन बसा. आली बघा!"