गोलाच्या खांबापाशी घेतलेला झेल

माझ्या मुलीने मारलेला बॉल गोलात जाण्याआधी मी झेलला. मी तेव्हा त्या मॅचचा अंपायर होतो.

दोष त्या आयरिश माणसाचा आहे, असं मी आजही म्हणतो. घरात कोणी ऐकत नाही, ते सोडा.

इथे ऑस्ट्रेलियात, पॉइंट कुकला आमच्या चर्चमध्ये तो यायला लागला तेव्हा त्याच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. मिस्सा संपल्यावर सगळे चहा पीत उभे राहायचे आणि हा सिंकपाशी कप विसळत असायचा. लोकांच्या किचनमध्ये कपाटं बसवतो, बायको नर्स आहे, एवढीच माहिती. उंच, एका पायाने किंचित लंगडणारा, कमी बोलणारा. असा माणूस मिळाला की मला राहवत नाही. वसईला आमच्या धर्मग्रामाच्या क्रिकेट टीममध्ये मी कसा होतो आणि फायनलचा शेवटचा झेल माझ्याकडे कसा आला होता, ते मी त्याला दोन-तीन रविवार सांगितलं. झेल आला इथवर सांगून मी थांबतो. पुढचं ऐकणाऱ्याने आपापलं समजून घ्यावं. तो ओला कप हातात धरून मन लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "ग्रँड." माझी बायको अशा वेळी दुसऱ्या टेबलावरचे कप गोळा करायला निघून जायची.

मग एका रविवारी आयर्लंडहून मुलाकडे आलेलं एक म्हातारं जोडपं मिस्सेला आलं. त्यातल्या आजोबांनी सिंकपाशी उभ्या असलेल्या या माणसाला पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. हा कान लाल करून कप विसळत राहिला.

आजोबांनीच मग आम्हाला सगळं सांगितलं. गेलिक फुटबॉल हा त्यांचा खेळ. बॉल हातात घेऊन पळायचं, पळता पळता पायाने उडवून परत हातात घ्यायचा. आडव्या दांडीखालून मारला तर गोल, म्हणजे तीन पॉइंट. वरून मारला तर एक. हा त्यातला देशभर गाजलेला खेळाडू. चर्चच्या मागच्या मैदानात पोरवयात सुरुवात, मग धर्मग्रामाचा संघ, मग जिल्ह्याचा. मोठी फायनल आधी हरला, पुन्हा हरला आणि शेवटी कॅप्टन होऊन जिंकला. आणि या खेळात पैसे मिळत नाहीत. हा शाळेत शिकवायचा, बापाच्या गाईंचं दूध काढायचा आणि संध्याकाळी प्रॅक्टिसला जायचा. दुसऱ्या जिल्ह्यांनी बोलावलं तरी गेला नाही. आपल्या गावाकडूनच खेळायचं, ही तिथली रीत. गुडघा गेला तेव्हा थांबला.

आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने हे सगळं ऐकलं, आणि आ वासून त्याच्याकडे बघत राहिली. तोवर तिच्या ओळखीतला एकमेव खेळाडू मी होतो.

महिन्याभरात त्याने चर्चच्या मुलींची टीम काढली आणि ही त्यात गेली. मग जेवताना रोज त्याचंच पुराण.

"डॅडी, कोच नेव्हर शाउट्स. बॉल सुटला तरी नुसतं म्हणतो, नेक्स्ट वन."

"मी कधी ओरडतो?" मी ओरडून विचारलं.

माणसात काहीतरी खोट असायला हवी म्हणून मी ऑफिसात लंच टाइमला त्याच्या फायनलचा व्हिडिओ शोधून काढला. अख्खी मॅच पाहिली. एक सोपी किक त्याने बाहेर मारली होती. तेवढा तुकडा मी घरी आणून बायकोला दाखवला.

"बघ. चुकला."

"पुढे जाऊ दे ना," ती म्हणाली. पुढे गेलं तर त्याने गोल मारला होता. मी फोन खिशात टाकला.

त्यात सासूबाई वसईहून आल्या. एअरपोर्टवर रीतसर डिक्लेअर करून त्यांनी सुकेळी आणली होती. आमच्याकडची ती उन्हात वाळवलेली केळी मला मुलीइतकीच प्रिय. पहिल्याच रविवारी त्यांनी अर्धा पुडा त्या माणसाला दिला. "किती नम्र माणूस, जावई," त्या मला म्हणाल्या, "एवढं मिळवलं आणि तोंडातून शब्द नाही." हे मलाच का सांगितलं, ते मी विचारलं नाही.

शेवटी मीही मैदानात उतरायचं ठरवलं. गेलिक फुटबॉलमध्ये दोन्ही गोलांच्या खांबांशी पांढरे कोट घालून अंपायर उभे असतात. गोल झाला तर हिरवा झेंडा, पॉइंट झाला तर पांढरा. आमच्याकडे हे काम मुलींचे आईवडीलच करतात. मी हात वर केला. कोट घालून आरशात पाहिलं तर मी लॅबमधल्या रक्त काढणाऱ्या माणसासारखा दिसत होतो, पण मुलगी म्हणाली, "थँक्स, डॅडी." बऱ्याच दिवसांनी ती माझ्यावर खूश झाली होती.

मॅच शेजारच्या सबर्बच्या टीमशी होती. खाडीवरून बोचरा वारा येत होता. सासूबाई शाल गुंडाळून खुर्चीवर बसल्या होत्या. मी झेंडे चोख दाखवत होतो आणि प्रत्येक वेळी त्या माणसाचं लक्ष आहे ना, ते बघत होतो. संपता संपता आमच्या मुली दोन पॉइंटने मागे होत्या. तेवढ्यात माझ्या मुलीला बॉल मिळाला. दोघींना चुकवून ती पळाली, अगदी व्हिडिओतल्या त्याच्यासारखी खांदा वाकवून, आणि तिने किक मारली. गोलकीपर चुकीच्या बाजूला गेली. बॉल वाऱ्यावर वळत माझ्या खांबाच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, सरळ माझ्याकडे आला.

त्यानंतर डोक्याने काही केलं नाही, हातांनी केलं. एक पाऊल आत, दोन्ही हात पुढे. झेल घेतला आणि बॉल वर उडवला.

वर गेलेला बॉल खाली येईपर्यंत मला बराच वेळ मिळाला. रेफरीने माझ्याकडे पाहिलं, नियमांत असं काही आहे का ते आठवलं आणि दोन्ही टीमच्या मधे बॉल टाकून खेळ पुन्हा सुरू केला. आमच्या मुली दोन पॉइंटने हरल्या.

मी कोट काढून सासूबाईंच्या खुर्चीपाशी गेलो. मुलगी गवतावर बसून बुटांच्या लेस सोडत होती, वर बघत नव्हती. तो माणूस लंगडत आला. आता रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. रागावला असता तर बरं झालं असतं.

"टू बी फेअर," तो म्हणाला, "क्लीन कॅच."

मुलीने हातातली लेस सोडली आणि तिला हसू आलं. तिने मान वर केली. "हो ना. वसईच्या फायनलला पण डॅडीने असाच घेतला होता."

एवढ्यावर भागलं होतं. मी त्या माणसाकडे पाहून नम्र हसलोही.

"कुठला घेतला?" सासूबाई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या. "तुझा मामा बोलिंग टाकत होता, मी समोर बसले होते. हातातून सुटून पायावर पडला. जावई, धरायचा होता तिथे सोडलात आणि सोडायचा होता तिथे धरलात."