उलटी थांबते, गाठ जात नाही

याकोब आढाव कोल्हारच्या शाळेत पी.टी.चे सर होते आणि शाळेत त्यांची किंमत तेवढीच होती. दहावीची परीक्षा जवळ आली की गणिताचे सर त्यांचा तास मागून घ्यायचे. मागून म्हणजे काय, वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. आढाव सर शिट्टी खिशात घालून बाहेर पडायचे. शिक्षकांच्या खोलीत निकालाची चर्चा रंगली की त्यांचं मत कोणी विचारत नसे. झेंडावंदनाच्या दिवशी तेवढी त्यांची आठवण व्हायची, कारण खांबावर दोरी अडकली तर वर चढू शकणारं दुसरं कोणी नव्हतं. घरी येऊन ते बायकोशी, हन्नाशी, यातलं काही बोलत नसत. पण ती दारातच त्यांची मान बघायची आणि ओळखायची.

निवृत्तीनंतर ते नाशिकला अ‍ॅक्युप्रेशरच्या शिबिराला जाऊन आले. मुरगळलेले पाय, लचकलेल्या कमरा यांच्याशी त्यांचा जन्मभर संबंध आलेला. बोटांत ताकदही होती आणि अंदाजही. येताना त्यांनी हातापायाच्या बिंदूंचा एक मोठा तक्ता आणि दाबायची लाकडी काडी आणली. रविवारची उपासना संपली की चर्चमागच्या आपल्या घराच्या ओट्यावर ते बसू लागले. आधी मंडळीतलेच लोक आले, मग मळ्यांवरचे, मग पुलापलीकडचे. ते कोणाकडून काही घेत नसत, आणि हात हातात घेण्याआधी प्रत्येकाला एकच गोष्ट बजावत: डॉक्टरांची गोळी बंद करायची नाही, हे तिच्या जोडीला.

राहीबाई नावाची एक शेतकरी बाई त्यांच्याकडे यायची. तिला शुगर होती आणि तळपाय सारखे जळायचे. सर दाबायचे तेव्हा तिची आग कमी व्हायची, हे खरं होतं. त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची गोळी बदलली होती आणि गोड चहा सोडायला लावला होता. शुगर उतरली. पुढच्या रविवारी ती ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सरांच्या बोटानं माजी शुगर उतरली. लई गुन हाय हातात."

"राहीबाई, गोळीपण चालू आहे तुमची," सर म्हणाले.

"गोळी तर आदी बी खात हुते की."

लोक हसले. सर आणखी दोन-चार वेळा असं म्हणाले आणि मग म्हणायचे थांबले. नव्या माणसाला कोणी सांगितलं की सरांनी राहीबाईची शुगर घालवली, तर ते खाली बघून थोडं हसायचे आणि पुढचा हात हातात घ्यायचे. खोटं ते काही बोलत नव्हते.

हन्ना आतल्या खोलीत शिवणयंत्रावर शाळेचे फ्रॉक शिवत असायची. तिथून तिला ओटा दिसायचा, आणि ते हसूही. इतक्या वर्षांत नवऱ्याच्या चेहऱ्यावर तिने असलं काही पाहिलं नव्हतं. तिला ते आवडायचं. मापं द्यायला आलेल्या बायकांना मग तीच सांगू लागली, "आमच्या ह्यांच्या हाताला यश आहे."

एके दिवशी आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी असेल. अंग पुसून ती बाहेर आली आणि तक्त्यासमोर उभी राहिली. छातीची जागा हाताच्या मागच्या बाजूला दाखवली होती. सर बाजारात गेले होते. तिने काडी घेतली आणि तो भाग दाबून पाहिला. दुखला. दुखतं तिथेच दोष असतो, हे तिने ओट्यावरून कितीदा तरी ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती सकाळी प्रार्थनेच्या वेळी आणि दुपारी सर झोपले की दाबू लागली. सांगायला तिला संकोच वाटला, हे एक. दुसरं म्हणजे गाठ गेली की मगच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यांना किती बरं वाटेल, हे मनात आणून तिला स्वतःलाच बरं वाटायचं.

तिच्या हाताची मागची बाजू काळवंडली. सरांनी एकदा विचारलं, "हे कशानं झालं?"

"मशीनचं तेल लागलं असेल," ती म्हणाली.

बाहेर माणसं बसली होती. सर ओट्यावर गेले.

नाताळाच्या आधी घराला रंग द्यायचा म्हणून फळीवरची भांडी खाली काढायला घेतली, तेव्हा हन्ना सगळं उजव्या हातानेच काढते आहे हे सरांना दिसलं. मैदानात आयुष्यभर त्यांनी हेच पाहिलं होतं, कोणता हात उठत नाही, कोणता पाय ओढतो. ते म्हणाले, "डावा हात वर कर."

तिने केला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला. त्यांनी तिच्या काखेत बोटं घातली. तिथे गाठ होती. मग तिने पदर बाजूला करून छाती दाखवली. कातडी आत ओढली गेली होती.

सर फळीला धरून उभे राहिले. "मला का सांगितलं नाहीस?"

"सांगून काय होणार होतं? दाबलंच असतं ना तुम्ही. मी दाबत होते."

"दाबून गाठ जाते का? मी तुला डॉक्टरकडे नेलं असतं."

"राहीबाईला नेलं होतं का?"

"ती आधीपासून जात होती. गोळी खात होती. मी सांगायचो सगळ्यांना."

"पहिल्यांदा सांगायचात," हन्ना म्हणाली. "नंतर नुसते हसायचात. मी आतून बघायचे."

हन्ना त्यांच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात हळूहळू काहीतरी फिरलं. तोवर ती घाबरलेली होती. आता तिला कळलं होतं की जे तिने इतक्या विश्वासाने केलं, त्यावर ज्याने ते शिकवलं त्याचा स्वतःचा विश्वास नव्हता.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. आजार काखेतून पुढे हाडांत गेला होता. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. कागद बघत त्यांनी विचारलं, "एवढे दिवस काय करत होता?"

सर बोलायच्या आत हन्ना म्हणाली, "ह्यांची ट्रीटमेंट चालू होती."

डॉक्टरांनी पहिल्यांदा सरांकडे पाहिलं. "तुम्ही कोण, वैद्य?"

"पी.टी. शिक्षक."

डॉक्टर पुन्हा कागदाकडे वळले. "कवायत घेतली असती तरी चाललं असतं," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटची फाईल मागवली. बाकावर बसलेल्या बाईला हसू आलं. ते हसू हन्नानेही ऐकलं.

केमो सुरू झाली. त्यांची मुलगी, प्रार्थना, पुण्याहून रजा घेऊन आली. हन्नाला उलट्या सुरू झाल्या. पाणीसुद्धा ठरत नव्हतं. दवाखान्यातल्या सिस्टर स्नेहल हातातलं काम सोडून दोन मिनिटं थांबणाऱ्यांपैकी होत्या. सर अ‍ॅक्युप्रेशर करतात हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उलटीची गोळी चुकवू नका. तिच्या जोडीला मनगटाची ही आतली जागा दाबा, बऱ्याच जणांना आराम पडतो. पाय हलक्या हाताने चोळले तरी चालतील. गाठीला हात लावायचा नाही. आणि काढा, भस्म, कोणी काहीही दिलं तरी आम्हाला विचारल्याशिवाय पोटात द्यायचं नाही."

ती जागा सरांना माहीत होती. घरी येऊन त्यांनी हन्नाचं मनगट हातात घेतलं. थोड्या वेळाने तिची मळमळ बसली. तिने वाटीभर पेज घेतली आणि ती पोटात राहिली.

"बरं वाटलं?" सरांनी विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "आता बाहेर जाऊन सांगा सगळ्यांना. जसं आहे तसं सांगा."

भेटायला माणसं येत होती. राहीबाई मेथीच्या जुड्या घेऊन आली आणि खाटेजवळ बसून म्हणाली, "घाबरू नका बाई. सरांचा हात हाय घरात. माजी शुगर घालवली, ही गाठ काय."

"सांगा त्यांना," हन्ना नवऱ्याला म्हणाली.

"हन्ना, राहू दे."

"सांगा."

सर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. "दाबल्याने उलटी थांबते," ते म्हणाले. "गाठ जात नाही."

"आणि शुगर?" हन्नाने विचारलं.

"शुगर गोळीने उतरली. मी फक्त पायाची आग कमी केली."

राहीबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने मेथी खाली ठेवली. "मंग इतके दिस कशापायी ऐकून घेतलं तुमी?" एवढं म्हणून ती उठली.

त्यानंतर जो कोणी यायचा, त्याच्यासमोर हन्ना हे करून घ्यायची. पाळकसाहेब आले तेव्हा, गणिताचे सर आले तेव्हा, शेजारची नवी सून भेटायला आली तेव्हाही. फळ्यापुढे उभं केलेल्या मुलाने पाठ म्हणावा तसं सर म्हणायचे, उलटी थांबते, गाठ जात नाही. एकदा त्यांचा आवाज बसला होता. तिने मोठ्याने म्हणायला लावलं. पाहुणे गेले की ती मनगट पुढे करायची, आणि ते तिच्याजवळ बसून दाबायचे. तिला आराम पडायचा.

प्रार्थनाला हे बघवेना. "मम्मी, पप्पांना आता बास कर. किती वेळा म्हणायला लावशील?"

"मी बास केलं तर हे परत हसत बसतील," हन्ना म्हणाली.

"तू पण लपवलंस की. त्यांना एकदा विचारायचंस."

हन्नाने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी तिने मनगट दिलं नाही. संध्याकाळपर्यंत ओकत राहिली, पण दिलं नाही.

रविवारी ओट्यावर आता कोणी येत नव्हतं. राहीबाईने गावभर सांगितलं होतं की सरांनीच तोंडाने कबूल केलं. मग कळलं की ती बाजारात बसणाऱ्या कोणा औषधवाल्याकडे जाते, आणि तो सगळ्या गोळ्या सोडायला लावतो. सर तिच्या मळ्यावर गेले. ती कांद्याच्या वाफ्यात खुरपत होती. उभी राहिली नाही.

"राहीबाई, गोळी सोडू नका. माझ्यावर राग असेल तर असू द्या."

"तो म्हनतो, गोळीनंच आग होती. त्याची पावडर तुमच्यापरीस पावरफुल हाय."

"तो खोटं सांगतोय."

"तुमी खरं सांगत हुता का?" राहीबाईने खुरपं चालूच ठेवलं. "तुमी जा सर. तुमची बाई सांबाळा आदी."

ते परत आले. उन्हाळ्यात राहीबाईच्या पायाला खडा लागला, तळपाय बधिर झाल्याने तिला कळलं नाही, आणि वाढलेल्या शुगरने जखम चिघळली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं काढावी लागली. ही बातमी घरी आली तेव्हा सर हन्नाचे पाय चोळत होते. तिने ती पूर्ण ऐकली.

"हेपण सांगत जा आता," ती म्हणाली.

हन्ना पावसाळ्याच्या तोंडाशी गेली. शेवटी तिला मॉर्फिनवर ठेवलं होतं. माणसं ओळखू येत नव्हती. तरी सर जवळ बसले की तिचा हात आपोआप उलटा व्हायचा, मनगट वर. सर ते दाबत. तिने क्षमा केली का, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही, आणि पुढे विचारून उपयोग राहिला नाही. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की आपल्या भावाने पत्नीची अखेरपर्यंत स्वतःच्या हातांनी सेवा केली. सर मध्येच बोलले, "उलटी थांबायची तेवढी." लोकांना वाटलं, दुःखाने बोलतायत. प्रार्थनाने त्यांचा दंड धरला आणि गीत सुरू झालं.

काही महिन्यांनी सिस्टर स्नेहल यांचा फोन आला. केमोला येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना ती मनगटाची जागा शिकवायला याल का, असं त्यांनी विचारलं. सर एस.टी.ने नगरला गेले. स्वच्छ शर्ट घातला होता. वॉर्डात बसून त्यांनी एकेकाचा हात घेऊन दाखवलं, नीट, सावकाश. किती जोर द्यायचा, कुठे थांबायचं. एका तरुण माणसाची बायको पलंगावर पडून होती. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे मिटलेले. त्याने जागा शिकून घेतली आणि हळूच विचारलं, "सर, रोज केलं तर गाठीवर पण फरक पडंल ना?"

"नाही," सर म्हणाले. "गाठ जात नाही. माझी बायको मेली."

बाईने डोळे उघडले. नवऱ्याने तिचा हात सोडला आणि तो सरांकडे असा बघत राहिला, जसं काही त्यांनीच तिला काही केलं होतं. बाई रडू लागली तेव्हा शेजारच्या पलंगावरची दुसरीही रडू लागली.

सिस्टर त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन आल्या. "सर, खरं होतं ते. पण असं सांगतात का? 'गाठीचं डॉक्टर बघतायत, आपण मळमळीचं बघू', एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"मला जमत नाही," सर म्हणाले. "थोडं कमी सांगितलं की मला हसू येतं की काय, अशी भीती वाटते."

सिस्टरांना ते समजलं नाही. त्यांनी सरांना पाणी दिलं आणि पुन्हा बोलावणार नाही, हे शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. सरांनी पाणी पिऊन ग्लास परत केला, आणि कोल्हारवरून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची चौकशी करत ते जिना उतरले.